तळघरातलं ‘रॉयल फ्लश’: जुनं पिनबॉल यंत्र घरी दुरुस्त करताना

पिनबॉल म्हणजे उतरत्या फळीवर धातूचा बॉल टोलवत गुण मिळवायचा, नाणं घालून चालणारा खेळ. त्याचं जुनं यंत्र सुरू होत नसलं की बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘जळलं’. गेल्या नऊ वर्षांत मी अशी पाच यंत्रं उघडली. खरोखर जळलेली कॉइल, म्हणजे वीज मिळताच दट्ट्या किंवा पट्टी ओढणारं तारेचं वेटोळं, मला दोनदाच सापडली. बाकीचे दोष स्विचांच्या पत्त्यांमध्ये, म्हणजे एकमेकींना टेकून वीज जोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये होते: कुठे काजळी, कुठे सैल स्क्रू, कुठे आधीच्या कोणीतरी पकडीने वाकवून ठेवलेली पत्ती. हे यंत्र जिथे अडतं तिथेच थांबून राहतं आणि नीट पाहिलं तर ती जागा डोळ्यांना दिसते. ती सापडेपर्यंत हातातली कानस खाली ठेवायची, एवढं पहिल्या दिवसापासून पाळलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

मी लिहितोय ते संगणकाच्या आधीच्या यंत्रांबद्दल. त्यांत चिप नाही, प्रोग्रॅम नाही. रिले (कॉइलने ओढले जाऊन स्विच जुळवणारे-सोडवणारे भाग), कॉइल, एक मोटर, शेकडो स्विच आणि वायरींचे जाडजूड जुडगे. गॉटलीब, बॅली आणि विल्यम्स या तिन्ही मोठ्या कंपन्या शिकागोच्या. मी नोकरीसाठी याच शहराच्या उपनगरात आलो. इथल्या घरांच्या तळघरांतून अजूनही अशी यंत्रं निघतात. १९७७च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले आणि थोड्याच वर्षांत ही पद्धत संपली. बोर्डवाल्या यंत्रांना खालची कृती जशीच्या तशी लावू नका. त्यांच्या बऱ्याच स्विचांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. कानस लागली की तो जातो.

माझं यंत्र गॉटलीबचं १९७६ सालचं ‘रॉयल फ्लश’. पत्त्यांच्या पानांची चित्रं असलेल्या पट्ट्या बॉल लागला की खाली पडतात, हे त्यातलं मुख्य आकर्षण. उदाहरणं याच यंत्राची देतो. कंपनी बदलली की तपशील बदलतो, विचार करण्याची रीत तीच राहते.

घेताना आणि घरी आणताना

पहिलंच यंत्र असेल तर एका खेळाडूचं घ्या. माझं चार जणांचं आहे, म्हणजे गुणांचे आकडे दाखवणारी फिरती रिळं चौपट, प्रत्येक रिळावर आपापले स्विच, शिवाय कोणाची पाळी आहे हे लक्षात ठेवणारा आणखी एक स्टेपर, म्हणजे एकेक घर पुढे सरकून मोजणारा भाग. दोष शोधताना हे सगळं वाढीव काम होतं. १९४७च्या आधीचं यंत्र दाखवलं तर त्याला फ्लिपर, म्हणजे बटण दाबून बॉल टोलवायच्या दांड्या नसणार, हेही माहीत असू द्या. फ्लिपर त्या वर्षी गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’त पहिल्यांदा आले.

घेण्याआधी दोन गोष्टी पाहतो. पहिली, डोक्यावरची, म्हणजे मागच्या उभ्या पेटीवरची, चित्राची काच. तिच्या मागच्या बाजूचा रंग पापुद्र्यासारखा सुटत असेल तर तो परत बसत नाही. दुसरी, खेळाच्या फळीची खालची बाजू. फळी उचलून टॉर्च मारा. वायरींचा जुडगा मूळच्या दोऱ्याने बांधलेला आणि अखंड असेल तर यंत्र कितीही मेलेलं वाटलं तरी ते उठतं. वायरी कापून टेप गुंडाळलेली दिसली तर ते यंत्र पहिल्यांदाच काम करणाऱ्याने घेऊ नये.

वजन शंभर किलोंच्या वर असतं, तेव्हा दोघं जण लागतातच. आधी बॉल बाहेर काढा. तो आत राहिला तर वाटेत काचेवर आपटत राहतो. मग डोकं सोडवा. ते बोल्टांनी बसवलेलं असतं आणि खालच्या पेटीशी मोठ्या चौकोनी प्लगांनी जोडलेलं असतं. प्रत्येक प्लगवर आणि त्याच्या जागेवर एकच आकडा लिहून फोटो काढा आणि मगच ओढा. पाय सगळ्यात शेवटी.

पहिले दोन दिवस वीज लावायची नाही

यंत्र घरात आलं की पिन लावून पाहण्याचा मोह होतो. तो आवरा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्रात एखादा रिले चिकटलेला असतो. वीज मिळताच तो एखादी कॉइल सलग ओढून धरतो आणि काही मिनिटांत तिच्यावरचा कागद करपतो. धडधाकट कॉइल मालकाच्या उत्सुकतेपायी अशी जळते.

आधी सफाई. उंदरांच्या लेंड्या असतील तर कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका, ती धूळ छातीत जाते. मास्क आणि हातमोजे घालून, पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने जागा ओली करून पुसून घ्या. पेटीच्या तळाशी स्क्रू, वॉशर, स्प्रिंगा, नाणी सापडतील. नाण्यांसकट सगळं एका बरणीत ठेवा. तळाशी पडलेली स्प्रिंग वरच्या कुठल्यातरी भागातून निखळलेली असते. ती कुठली हे कळलं की एक दोष वीज न लावताच मिटतो.

मग फ्यूज. प्रत्येक जागेजवळ किती अँपिअरचा हवा ते छापलेलं असतं. काढून मल्टिमीटरने तपासा आणि आकडा जुळतो का पाहा. मला एका यंत्रात फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळलेला सापडला होता, सिगारेटच्या पाकिटातला. तसं दिसलं तर ज्या सर्किटसाठी ते केलं होतं त्या सर्किटची प्रत्येक कॉइल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतर मुख्य वायर. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांना दोन पिनांची वायर आहे, अर्थिंग नाही. यंत्राचं दार, कडेच्या पट्ट्या, पाय हे सगळं धातूचं, आणि हात त्यांच्यावरच असतात. मी पहिला खर्च नेहमी तीन पिनांच्या नव्या वायरीवर करतो. अमेरिकेतली काळी वायर फेजची: ती आधी फ्यूजमधून आणि मग स्विचमधून जायला हवी. पांढरी न्यूट्रल. हिरवी ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीला, आणि तिथून एक वेणीची तार दाराला आणि बाहेरून हाताला लागणाऱ्या प्रत्येक धातूच्या भागाला. हे स्वतः जमणार नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे दिव्यांना सुमारे ६ व्होल्ट आणि कॉइलना गॉटलीबमध्ये सुमारे २५ व्होल्ट एसी जातात. बॅलीत कॉइलना ५० व्होल्ट असतात. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे मात्र पूर्ण घरची वीज आहे, आणि यंत्राचा बटणस्विच बंद केला तरी पिनेपासून त्या स्विचपर्यंतचा भाग जिवंतच राहतो. म्हणून हात आत घालायचा तर पिन भिंतीतून काढलेली हवी.

दहा गुण कसे मोजले जातात

दुरुस्तीआधी एकच सर्किट मनापासून समजून घ्या. इतर सर्किटंही याच रीतीने चालतात.

त्याआधी शब्दांचं सांगतो. आपण मराठीत ‘स्विच बंद’ म्हटलं की वीज थांबली असं समजतो. इंग्रजी आकृत्यांत ‘क्लोज्ड’ म्हणजे पत्त्या एकमेकींना टेकल्या आणि वीज जाते आहे. माझ्या वडिलांना फोनवर सर्किट समजावताना आमचा यावरून पूर्ण तास गेला. तेव्हापासून मी ‘जुळलेला’ आणि ‘सुटलेला’ हेच शब्द वापरतो.

बॉल रबराला लागतो. रबरामागचा स्विच क्षणभर जुळतो आणि दहा-गुणी रिले ओढला जातो. बॉल निघून गेला, स्विच सुटला, तरी रिले सुटत नाही. ओढला जाताना त्याने स्वतःचाच एक स्विच जुळवलेला असतो आणि त्या दुसऱ्या वाटेने त्याला वीज मिळत राहते. त्याच वेळी त्याचा आणखी एक स्विच गुणांच्या रिळाच्या कॉइलला वीज देतो, एक घंटी वाजवतो. रिळाचा दट्ट्या आत ओढला जातो आणि अगदी टोकाला पोचताना रिळावरचा एक स्विच सोडवतो. रिलेची ती दुसरी वाट याच स्विचमधून गेलेली असते. वाट तुटली, रिले सुटला, रिळाची वीज गेली, दट्ट्या स्प्रिंगने मागे आला. रीळ एक घर पुढे गेलेलं आहे आणि सगळं जिथल्या तिथे आहे.

ही रचना मला फार आवडते. रीळ आपलं काम खरोखर पूर्ण झाल्यावर स्वतःच ‘झालं’ असं कळवतं. रीळ मंद असेल तर रिले त्याच्यासाठी थांबतो.

आता दोष ताडून पाहा. रिळाच्या टोकाचा स्विच सुटतच नसेल तर रिले अडकून बसेल, रिळाची कॉइल तापेल, वास येईल. तोच स्विच मळका असून नीट जुळत नसेल तर रिले नुसता फडफडेल आणि दहा गुण कधी मिळतील, कधी नाही. रिलेचा स्वतःचा धरून ठेवणारा स्विच मळका असेल तरीही लक्षण हेच. आणि रिले छान ओढला जातोय, घंटी वाजतेय, पण रीळ ढिम्म असेल तर रिलेपर्यंतचं सगळं ठीक आहे. मग फक्त रिळाला वीज देणारा स्विच, कॉइलचा सोल्डर आणि दट्ट्याची नळी एवढंच पाहायचं उरतं.

पन्नास किंवा पाचशे गुणांसाठी मोटर मध्ये येते. तिच्या दांड्यावर खाचा असलेल्या चकत्या असतात. गॉटलीबमध्ये एका खेपेला दांडा एक तृतीयांश फिरतो आणि पाच ठोके देतो. पाच ठोके म्हणजे दहाच्या रिळाची पाच घरं. पन्नासाऐवजी चाळीस मिळाले तर त्या ठोक्यांच्या स्विचकडे जा.

यंत्राची विद्युत आकृती मिळवाच. गॉटलीबच्या आकृत्या आणि सुटे भाग अमेरिकेत ‘पिनबॉल रिसोर्स’कडे मिळतात. यंत्राचं साल, छायाचित्रं वगैरे ‘इंटरनेट पिनबॉल डेटाबेस’वर सापडतं. आकृतीचा कागद सतरंजीएवढा असतो, बघून दडपायला होतं. मी तो भिंतीवर लावतो आणि एका वेळी एकाच कॉइलची वाट रंगीत पेन्सिलीने गिरवतो. आकृती कोणत्या स्थितीत काढली आहे, म्हणजे खेळ संपलेला आहे की सुरू आहे, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. ते न वाचता सुरुवात केली तर प्रत्येक स्विच उलटा वाटतो.

स्विच: इथे घाई नको

पहिल्या यंत्राच्या वेळी मी कुठेतरी वाचलं की स्विच कानशीने साफ करायचे असतात. रविवारी सकाळी बसलो आणि रिलेंची एक आख्खी रांग ओळीने घासून काढली. आधी यंत्रात एक दोष होता, संध्याकाळी चार झाले. चांगले जुळणारे स्विच मी कानस घालताना वाकवले होते, आणि कुठले ते मला सांगता येत नव्हतं. ते निस्तरायला तीन आठवडे गेले. म्हणून आता मी दोष नसलेल्या स्विचला हात लावत नाही.

संशयित स्विच सापडला की आधी त्याच्या बुडाचे दोन स्क्रू आवळतो. पत्त्यांमधल्या कागदी-बेकेलाइटी चकत्या वर्षांनुवर्षं सुकून आक्रसतात, मग सगळा गठ्ठा सैल होतो आणि पत्त्या आपली जागा सोडतात. गठ्ठा सैल असताना पत्ती वाकवून अंतर साधलं तर पुढे स्क्रू आवळल्यावर ते पुन्हा बिघडतं. अर्ध्याअधिक वेळा नुसतं आवळल्यानेच काम होतं.

मग पांढरा कागद पलीकडे धरून, टॉर्चच्या उजेडात, रिले बोटाने हळूच दाबून पाहायचं. सुटलेल्या पत्त्यांमध्ये साधारण दीड मिलिमीटर फट हवी. जुळताना एक पत्ती दुसरीला टेकून तिथेच थांबता कामा नये. तिने दुसरीला किंचित ढकललं पाहिजे. त्या ढकलण्यात दोन्ही टोकं एकमेकींवर घासतात आणि स्विच स्वतःला साफ ठेवतो. नुसता टेकणारा स्विच आज चालेल, महिन्याभरात काजळेल.

साफ करायला व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, पत्त्यांमध्ये घालून हलकेच दाबा आणि ओढा. काळी रेघ येईल. रेघ येईनाशी होईपर्यंत नवी पट्टी. टोकावर खड्डे पडले असतील तरच बारीक, लवचीक कानस दोन-तीनदा फिरवायची. बहुतेक टोकं चांदीची असतात, पटकन झिजतात. फ्लिपरच्या स्विचांची टंगस्टनची, कडक असतात, त्यांना जास्त घासावं लागतं. वाकवायचं तर पत्ती-स्विचसाठी मिळणाऱ्या खाचेच्या हत्याराने, बुडाजवळ, केसभर. पकडीने टोकाजवळ वाकवलेली पत्ती पुन्हा सरळ होत नाही.

स्टेपर आणि रिळं

स्टेपर म्हणजे यंत्राची स्मरणशक्ती: कितवा बॉल, कोण खेळतंय, किती खेळ शिल्लक. बेकेलाइटच्या चकतीवर पितळी रिव्हेट आणि त्यांच्यावरून सरकणारी धातूची बोटं. त्याला मारतं ते जुनं ग्रीस. ते वाळून डिंकासारखं होतं आणि स्प्रिंगला स्टेपर मागे आणता येत नाही.

सोडण्याआधी तीन बाजूंनी फोटो. मोठी घड्याळी स्प्रिंग किती वेढे ताणलेली आहे तेही मोजून लिहा. जुनं ग्रीस मिनरल स्पिरिटने पूर्ण काढा. रिव्हेट हिरव्या घासणीने चमकेपर्यंत घासा आणि अल्कोहोलने पुसा. रिव्हेटांमधल्या काळ्या भुकटीने दोन जागा आपसांत जोडल्या जातात. भलताच दिवा लागण्याचं कारण बरेचदा तेच असतं. जोडताना सगळं कोरडं. टेफ्लॉनयुक्त वंगणाचा बोटभर हलका हात फक्त त्या चकतीवर. कॉइलच्या नळीत आणि दट्ट्यावर तेल अजिबात नाही, आणि घरात असतोच म्हणून डब्लूडी-४०चा फवाराही नाही. तो धूळ धरून ठेवतो आणि वर्षभरात स्टेपर पुन्हा अडकतो.

जोडून झाल्यावर दट्ट्या हाताने दाबून हळूच सोडा. स्टेपरने एक घर पुढे जायला हवं. मग शून्यावर आणणारी खिट्टी दाबा. तो खट्कन मागे आला पाहिजे. रेंगाळला तर परत सोडा.

रिळांचंही हेच. फक्त त्यांवरचे आकडे कोरड्या मऊ फडक्याने पुसा. कुठलंही द्रावण लावलं तर आकडेच निघून येतात. आणि जुन्या नळ्या काढून सगळीकडे नव्या नायलॉनच्या टाका. कॉइल मंद वाटत असली तरी बहुतेकदा आतली नळी वितळलेली किंवा दट्ट्याचं टोक ठोकून पसरलेलं असतं.

वीज लावल्यावर

फळी उचललेली, काच काढलेली, एक हात बोर्डाच्या बटणावर. पहिल्यांदा फक्त अर्धा मिनिट. ऐका, वास घ्या, बंद करा, पिन काढा, मग कॉइलना हात लावून पाहा. खेळ सुरू नसताना कुठलीही कॉइल गरम लागत असेल तर ती कोणता स्विच धरून ठेवतोय ते आधी शोधायचं. रिलेच्या काही कॉइल सतत चालू राहण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि कोमट लागतात. आकृतीत ते दिसतं.

दिवे लागतात पण खेळ सुरू होत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. दारामागे आणि पेटीत दणका ओळखणारे स्विच असतात, लोक लाथ मारून फुकट खेळू नयेत म्हणून लावलेले. त्यातला एक वाकला की यंत्र मुकाट बसतं. पुढे शिल्लक खेळ मोजणारा स्टेपर पाहा. तो शून्यावर असेल तर यंत्राच्या लेखी पैसे भरलेलेच नाहीत. तो हाताने चार घरं पुढे ढकला. माझ्या ‘रॉयल फ्लश’ला ही दोनच कारणं होती, आणि मी मात्र चार संध्याकाळी रिले न्याहाळत बसलो होतो.

मोटर थांबतच नाही, ही दुसरी तक्रार. खेळ सुरू होताना मोटर ठोके देऊन प्रत्येक रीळ शून्यावर आणते. प्रत्येक रिळावर शून्याला पोचल्याचं कळवणारा स्विच असतो. एकाने जरी कळवलं नाही तरी मोटर फिरतच राहते. कुठलं रीळ शून्यावर नाही ते समोरच दिसतं. सगळी शून्यावर असतील तर दोष कळवणाऱ्या स्विचात आहे. पिन काढून एकेक रीळ हाताने फिरवून पाहा.

नव्वदवर दहा पडले आणि शंभराचं रीळ हललं नाही, तर दहाच्या रिळावरचा नवव्या घराचा स्विच पाहायचा. बॉल खालच्या खड्ड्यात पडून राहिला तर तिथला स्विच त्याच्या वजनाने दबतोय का ते पाहा. नवा बॉल सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ८० ग्रॅमचा असतो.

दोन्ही टोकांना चिमटे असलेली वायर फार उपयोगी पडते. रिले ओढला जात नसेल तर त्याच्या वाटेतला एकेक स्विच या वायरीने ओलांडून पाहा. ज्याला ओलांडल्यावर रिले ओढला जातो तो दोषी. पण ही वायर फक्त स्विचच्या दोन टोकांमध्ये लावायची, कॉइलच्या दोन टोकांमध्ये कधीही नाही, आणि ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे तर मुळीच नाही.

फ्लिपर

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, एक जोर लावणारं आणि एक नुसतं धरून ठेवणारं. बटण दाबलं की सगळी वीज जोराच्या वेटोळ्यातून जाते, कारण धरणाऱ्याला टोकाचा एक जुळलेला स्विच वळसा घालून देत असतो. फ्लिपर वर पोचताना तो स्विच सोडवतो, वीज दोन्ही वेटोळ्यांतून जाऊ लागते आणि प्रवाह एकदम कमी होतो. त्यामुळे बटण दाबून धरलं तरी कॉइल जळत नाही.

फ्लिपर मरगळलेला असेल तर आधी हा स्विच साफ करा, मग पेटीच्या कडेचा बटणाचा स्विच. लोक नवी कॉइल मागवतात आणि तीही तितकीच मरगळलेली निघते. उलट हा स्विच सुटतच नसेल तर कॉइल काही सेकंदांत तापते. फ्लिपर हाताने पूर्ण वर करून धरला असता इथे सुमारे तीन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. दुवा, नळी आणि दट्ट्याचा अडसर हे मी जोडीने बदलतो, दोन्ही फ्लिपरांना एकाच दिवशी, म्हणजे हाताला दोन्हीकडे सारखा जोर लागतो.

दिवे, फळी, काच

दिव्यांसाठी ४४ क्रमांकाऐवजी ४७ क्रमांकाचे बल्ब घ्या. व्होल्टेज तेच, पण पहिला पाव अँपिअर घेतो आणि दुसरा ०.१५. पन्नास दिव्यांमागे पाच अँपिअर वाचतात आणि चित्राच्या काचेमागची उष्णता कमी होते. रंग सुटण्यामागे ती उष्णताच मोठं कारण आहे. बल्ब लुकलुकत असेल तर बल्बपेक्षा होल्डर गंजलेला असण्याची शक्यता जास्त.

चित्राच्या काचेची रंगाची बाजू ओल्या फडक्यानेही पुसू नका. पुढची बाजू बेलाशक पुसा.

फळीवरचे सगळे खांब, रबरं, प्लास्टिकं काढण्याआधी वीस-तीस फोटो. लाकडाला पाणी लावायचं नाही. नॅफ्थाने वरचा मेणचट थर निघतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको. मग नोव्हस २ हे पॉलिश, मऊ सुती फडकं, छोटे गोल. पांढरा मेलामाइनचा स्पंज अल्कोहोलबरोबर वापरतात, तो खोलवरचा मळ काढतो खरा, पण रंगही खातो. मी तो वापरणं सोडलं. आधी कडेला पट्टीखाली लपणाऱ्या जागी कोणतंही द्रव्य लावून पाहा. शेवटी कारनौबा मेणाचे दोन पातळ हात. सगळी रबरं नवी, आणि बॉल नवा. खड्डे पडलेला बॉल फळीवर पॉलिश पेपरासारखा चालतो.

नंतर पाणसळ लावून डावी-उजवी बाजू समतल करा आणि मागचे पाय वाढवून सुमारे साडेतीन अंशांचा उतार द्या. त्याहून जास्त दिला तर या काळच्या फ्लिपरना बॉल वरपर्यंत पोचवता येत नाही. टिल्टचा, म्हणजे यंत्र जास्त हलवलं की खेळ थांबवणारा, ओळंबा कड्याच्या मध्यावर आणा. तो उतार ठरल्यावरच लावायचा, आधी लावला तर पुन्हा लावावा लागतो.

हे यंत्र पुण्या-मुंबईला न्यायचं का, असं मला अनेकांनी विचारलं. नेता येतं. २३०वरून ११५ व्होल्टला उतरवणारा, पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि ५० हर्ट्झवर स्कोअर मोटर थोडी सावकाश फिरेल. पावसाळी हवेत पत्त्यांची टोकं लवकर काळवंडतात, तेव्हा खोली कोरडी हवी.

गेल्या गणपतीत आमच्याकडे दोन संध्याकाळी चौदा मुलं खेळली. एवढा सलग खेळ या यंत्राने माझ्याकडे आल्यापासून पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी फळी उचलली. एक रबर तुटलं होतं, दोन बल्ब गेले होते, आणि उजव्या फ्लिपरच्या टोकाच्या स्विचचे स्क्रू पाव वेढा सैल झाले होते. ते आवळले, तीन मिलिमीटर फट पुन्हा मोजली आणि फळी खाली ठेवली.